फेब्रुवारीचं बुकिंग ऑक्टोबरमध्येच!

ऑनसाइट गेलात, घर भाड्याने घेतलंत आणि मागे सतरंजीएवढं अंगणही मिळालं. त्यात लावायचं काय? क्रोकस लावा! पण पिशवीवरचा फोटो बघून नाही, कॅलेंडर बघून.

लंडनचं पोस्टिंग मिळालं की सगळे विचारतात, थर्मल घेतलेस का, कुकर घेतलास का, गोडा मसाला किती भरलास? अंधाराबद्दल मात्र कुणी बोलत नाही. २१ डिसेंबरच्या सुमाराला लंडनमध्ये सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि दुपारी चार वाजायच्या आत मावळतो. म्हणजे ऑफिसला निघालात तरी काळोख आणि परत आलात तरी काळोख. ख्रिसमसची रोषणाई आहे तोवर निभावतं. जानेवारीत दिवे उतरतात, पार्ट्या संपतात आणि मग घरची आठवण खरी छळायला लागते.

अशा दिवसांत हिरवळीतून चार बोटं उंचीचं एक जांभळं फूल डोकं वर काढतं. ऊन पडलं की पाकळ्या उघडतात, ढग आले की मिटून घेतात. हा क्रोकस. आपल्या श्रीखंडातल्या केशराचा सख्खा नातेवाईक! फुललेली कुंडी फेब्रुवारीत दुकानात मिळते म्हणा. पण आपल्याच अंगणातून, आपलं आपण उगवून आलेलं फूल हवं असेल तर त्याचे कंद आदल्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये जमिनीत जायला हवेत. म्हणजे आपल्याकडे कोजागरी-दिवाळीची गडबड असते ना, त्याच दिवसांत.

मुंबई-पुण्याच्या बाल्कनीत हा प्रयोग का जमत नाही? कारण वसंतात फुलणाऱ्या या कंदांना आधी साधारण तीन महिने चांगला गारठा लागतो. आपल्याला नकोशी वाटणारी थंडी त्यांना हवीच असते.

तीन पिशव्यांचा फंडा

क्रोकसच्या शंभराच्या वर प्रजाती आहेत. गार्डन सेंटरमध्ये रॅकसमोर उभं राहिलं की डोकं गरगरतं आणि हात आपोआप ‘मिक्स्ड’ लिहिलेल्या पिशवीकडे जातो. तो आवरा. त्या पिशवीत कोण कधी फुलणार, ते तुमच्या हातात राहत नाही. त्यापेक्षा तीन वेगळ्या छोट्या पिशव्या घ्या, एकामागून एक फुलणाऱ्या. इंग्लंडात त्या जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत पुरतात. न्यू जर्सीसारख्या कडक थंडीच्या गावी हेच सगळं थोडं उशिरा.

पहिली पिशवी टॉमीची. पूर्ण नाव क्रोकस टॉमासिनियानस. त्रिएस्त शहरातले वनस्पतिअभ्यासक मुत्सिओ दे तोमासिनी यांच्यावरून पडलेलं. सगळ्यांच्या आधी येणाऱ्यांपैकी हा एक. नाजूक, फिकट जांभळा आणि हिरवळीत मनसोक्त पसरणारा. आज पंचवीस लावा, पुढे बी पडून तो स्वतःच वाढत जातो. खारी याच्या वाटेला कमी जातात, असा तिथल्या बागवाल्यांचा अनुभव आहे. गडद रंग हवा असेल तर ‘रूबी जायंट’ घ्या. नावावर जाऊ नका, तो माणकासारखा लालही नाही आणि राक्षसाएवढा मोठाही नाही. झक्कास जांभळा आहे, एवढंच. मात्र हा वांझ, बी धरत नाही. जमिनीतले कंद वाढतात, तेवढाच तो वाढतो.

दुसरी पिशवी स्नो क्रोकसची, म्हणजे क्रिसॅन्थस गटाची. याचे दिवस फेब्रुवारी ते मार्चची सुरुवात. ‘क्रीम ब्यूटी’ सायीच्या रंगाचा, ‘ब्लू पर्ल’ फिकट निळा, ‘स्नो बंटिंग’ पांढरा. कुंडीत हे फारच शोभतात. याच गटात ‘ई. ए. बोल्स’ नावाचा एक पिवळा आहे. एडवर्ड ऑगस्टस बोल्स (१८६५–१९५४) या गृहस्थांनी क्रोकसच्या नादात आयुष्य काढलं आणि १९२४ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. उत्तर लंडनमध्ये एन्फील्डला त्यांची मिडलटन हाउसची बाग आजही पाहता येते. लावण्याआधी फुलं प्रत्यक्ष बघायची असतील तर वीकेंडला मस्त आउटिंग होईल.

तिसरी पिशवी मोठ्या डच क्रोकसची. हे मार्चमध्ये येतात आणि रस्त्यावरूनही दिसतील एवढे ठसठशीत असतात. ‘पिकविक’वर जांभळ्या रेघा, ‘जीन द आर्क’ शुभ्र, ‘रिमेंबरन्स’ गडद जांभळा. एकच पिशवी परवडणार असेल तर मात्र ही नको, टॉमी घ्या. मार्चमध्ये डॅफोडिल्सही असतात आणि दिवसही मोठा झालेला असतो. खरी गरज असते ती फेब्रुवारीत.

घरचं केशर पिकवू या का?

हा प्रश्न मराठी डोक्यात येणारच! केशर म्हणजे क्रोकस सटायव्हस. हा फुलतो शरद ऋतूत. काश्मीरमधल्या पांपोरची शेतं ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरात फुलतात ती हीच; तिथल्या केशराला २०२० मध्ये जीआय मानांकन मिळालं. इंग्लंडलाही केशर नवं नाही. एसेक्समधल्या सॅफ्रन वॉल्डन या गावाला नावच सोळाव्या-सतराव्या शतकातल्या केशराच्या शेतीमुळे मिळालेलं आहे.

पण आधी हिशोब ऐका. एका फुलात तीन काड्या. एक ग्रॅम केशराला साधारण १५० फुलं. तुम्ही ५० कंद लावलेत आणि प्रत्येकाने एक फूल दिलं, तर हाती येतील १५० काड्या. म्हणजे ग्रॅमचा तिसरा हिस्सा! शिवाय कंद लावायचे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुरुवातीला. ऑक्टोबरमध्ये जाग आली तर ती गाडी सुटलेली असते. त्याला कडक, कोरडा उन्हाळा लागतो आणि ब्रिटिश उन्हाळ्याचा तर भरवसाच नाही. मग लावायचंच नाही का? लावा की. एक-दोन कुंड्या, भरपूर उन्हाच्या जागी, हौस म्हणून. कोजागरीच्या दुधात आपल्या अंगणातल्या चार काड्या पडल्या, तर त्याची मजा ग्रॅममध्ये मोजू नये.

नावाला फसू नका

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्याच रॅकवर ‘ऑटम क्रोकस’ किंवा ‘मेडो सॅफ्रन’ नावाचा एक मोठा, जाडजूड कंद दिसेल. नावात क्रोकस आहे, सॅफ्रनही आहे, पण तो यातलं काहीच नाही. तो कॉल्चिकम आहे आणि जीवघेणा विषारी आहे. त्यातलं कॉल्चिसिन डॉक्टर गाउटवर अगदी मोजून देतात. नुसतं पोटात गेलं तर प्राणावर बेततं. वसंतात त्याची रुंद पानं येतात. ती रानलसणाचा पाला समजून खाल्ल्यामुळे युरोपात माणसं दगावली आहेत.

ओळखायचं कसं? शाळेतलं जीवशास्त्र आठवा. क्रोकसच्या फुलात पुंकेसर तीन, कॉल्चिकममध्ये सहा. क्रोकसची पानं गवतासारखी अरुंद आणि मधोमध पांढरी रेघ. कॉल्चिकमची पानं रुंद आणि रेघ नाही. आणि खायचं केशर फक्त सटायव्हसचं. बाकीचे क्रोकस डोळ्यांनी खायचे! कंद घेताना लेबलवर ‘क्रोकस सटायव्हस’ हे पूर्ण नाव वाचा. घरात लहान मूल किंवा कुत्रा-मांजर असेल तर कॉल्चिकम आणूच नका.

लावायचं कसं? अर्ध्या तासाचं काम

- कंद टणक हवा. दाबला आणि मऊ लागला तर परत ठेवा.
- खोली ८ ते १० सेंमी, टोक वर. दोन कंदांमध्ये चार-पाच बोटं अंतर.
- पाणी साचणारी जागा टाळा. कुंडीला खाली भोक हवंच.
- खारी आणि उंदीर उकरतात. मातीवर बारीक तारेची जाळी अंथरून कडेने दाबून टाका.
- रांगेत लावू नका. मूठभर कंद हिरवळीवर उधळा आणि जिथे पडले तिथेच खोचा.
- फुलं गेली की पानं कापू नका. ती पिवळी पडेपर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे, तिथलं गवतही कापायचं नाही. पुढच्या वर्षीची फुलं त्या पानांच्या जोरावरच येतात.

पण घर तर भाड्याचं!

खरी अडचण इथेच आहे. प्रोजेक्ट कधी संपेल सांगता येत नाही, मार्चमध्ये आपण इथे असू की हिंजवडीत, तेही माहीत नाही. मग चार महिन्यांनी फुलणारी गोष्ट कोण लावणार? याच विचाराने आपण भिंतीवर चित्र लावत नाही, चांगली खुर्ची घेत नाही आणि दोन-दोन वर्षं बॅग अर्धी भरलेलीच ठेवतो.

मधला मार्ग आहे. स्नो क्रोकस कुंडीत लावा. घर बदललं तर ती टॅक्सीत मांडीवर घेऊन जाता येते. टॉमी मात्र घरमालकाला विचारून हिरवळीत लावा. तुम्ही तिथे असलात तर तुमचे, नसलात तर पुढच्या भाडेकरूचे. तोही कदाचित पहिलाच हिवाळा काढत असेल.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळं एक तास मागे जातात आणि अंधार अचानक लवकर येतो. पण त्या रविवारी तुम्हाला एक तास जास्तीचाही मिळतो. लोळण्यात घालवू नका. स्वेटर चढवा, खुरपं घ्या आणि तो तास कंदांना द्या.