गेमच्या पेटीतली पिक्चर ट्यूब : प्लग काढला तरी धोका संपत नाही

मोहल्ल्यातले व्हिडिओ गेम पार्लर बंद झाले. त्यांच्या उभ्या लाकडी पेट्या आता भंगाराच्या गोदामात, नाहीतर कुणाच्या पोटमाळ्यावर पडून आहेत. हौशी मुलं त्या दुरुस्तीला घेतात, काही जण आतल्या तांब्यासाठी फोडतात. दोघांचाही समज एकच, प्लग काढला म्हणजे करंट गेला.

तसं नाही. रंगीत पिक्चर ट्यूबला साधारण 20 ते 25 हजार व्होल्ट लागतात. घरातली लाइन 230 ची. ट्यूबची काच आणि तिच्या आतबाहेरचा काळा लेप मिळून एक कंडेन्सरच बनतो. त्यात चार्ज कधी कधी कित्येक दिवस राहतो. झटका बसला की हात आपोआप मागे फेकला जातो आणि काचेवर किंवा पत्र्यावर आदळतो, ती जखम वेगळीच.

म्हणून आधी डिस्चार्ज. प्लग काढायचा. चांगल्या प्लास्टिक मुठीच्या लांब स्क्रू ड्रायव्हरच्या दांडीला वायर बांधायची आणि वायरीचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरून गेलेल्या उघड्या जाळीदार अर्थ वायरीला जोडायचं. सर्किटच्या प्लेटला नाही, नाहीतर आयसी उडतील. अंगठी, घड्याळ काढून ठेवा, डोळ्यांवर चष्मा लावा, एक हात पाठीमागे ठेवा. मग ड्रायव्हरचं टोक काळ्या रबरी टोपीखाली सरकवून आतल्या धातूच्या क्लिपला लावा. ‘चट्’ आवाज येईल, कधी येणारही नाही. चार-पाच मिनिटांनी पुन्हा तेच करा, कारण चार्ज थोडा परत येतो. लाइटवाला टेस्टर मात्र इथे अजिबात वापरू नका. प्लेटवरच्या मोठ्या कंडेन्सरमध्येही चार्ज असतो, तो मीटरने तपासा.

एवढं झाल्यावर बिघाड शोधा. पडद्यावर फक्त एक आडवी रेघ असेल तर व्हर्टिकल आयसी किंवा तिथला सुटलेला टाका बघा. अशी रेघ चालू ठेवाल तर ट्यूबवर कायमचा डाग पडेल. रंगांचे डाग दिसले तर बहुधा जवळच्या स्पीकरचं मॅग्नेट, डीगॉसिंग कॉइलने ते जातात. चित्र लाटांसारखं हललं तर फुगलेले कंडेन्सर बदला. चालू मशीनवर हात घालायचाच असेल, तर शेजारी उस्ताद हवा.

भंगारवाल्या पोरांनी ट्यूबची मान हातोडीने तोडू नये. आत हवा नसते, त्यामुळे काचेचे तुकडे उडतात. मागच्या काचेत शिसं असतं, पडद्याच्या आतली पावडरही श्वासात जाऊ नये. ट्यूब अख्खीच ई-कचरा घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्या.