राखीव बॅटरी आणि भद्रावतीचा उन्हाळा

सायकलची चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्या चक्रावर सरकवणाऱ्या भागाला डिरेलर म्हणतात. हा भाग हँडलवरील खटक्यापासून येणाऱ्या पोलादी तारेने ओढला न जाता त्याच्यातच बसवलेल्या लहानशा मोटरने हलवला जातो, तेव्हा त्या रचनेला इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंग म्हटले जाते. व्यावसायिक शर्यतींपुरती मर्यादित असलेली ही रचना गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील हौशी सायकलस्वारांपर्यंत पोहोचली आणि तिच्याबरोबर प्रवासात राखीव बॅटरी कोणती घ्यावी, किती घ्याव्यात आणि त्या कशा सांभाळाव्यात, हे प्रश्नही आले. या प्रश्नांची चर्चा बहुधा बॅटरीच्या क्षमतेभोवती फिरते, परंतु चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीसारख्या ठिकाणी, जेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही, तेथे क्षमतेपेक्षा साठवणुकीचा विचार अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण पुन्हा चार्ज होणारी बॅटरी न वापरताही झिजते आणि उष्णतेत ती अधिक वेगाने झिजते.

भद्रावतीशेजारच्या वरोऱ्यातील आनंदवनाचे संस्थापक बाबा आमटे यांच्या नेतृत्वाखाली १९८५ मध्ये तरुणांची भारत जोडो सायकल यात्रा कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाली, त्या काळात सामान्य सायकलस्वाराच्या राखीव सामानात ट्यूब, ठिगळे, सोल्युशन आणि हवेचा पंप यांपलीकडे फारसे काही नसे. या वस्तू वर्षभर पेटीत पडून राहिल्या तरी त्यांचे फारसे बिघडत नसे; सोल्युशनची ट्यूब तेवढी सुकून जाई. राखीव बॅटरीला हा नियम लागू होत नाही.

विजेवर गिअर बदलण्याची कल्पना तशी जुनी आहे. फ्रान्सच्या मॅविक कंपनीने १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘झॅप’ आणि १९९९ मध्ये बिनतारी ‘मेक्ट्रॉनिक’ या रचना बाजारात आणल्या. त्यांतील विशेष असा की डिरेलर सरकवण्याचे खरे काम चेनबरोबर फिरणाऱ्या छोट्या चक्राच्या गतीतून, म्हणजे सायकलस्वाराच्याच पायांतून होत असे आणि बॅटरीकडे फक्त यंत्रणा सोडण्या-अडकवण्याचे हलके काम उरे. कल्पना चतुर होती, परंतु या रचना भरवशाच्या ठरल्या नाहीत आणि मागे पडल्या. जपानच्या शिमानो कंपनीची ‘डीआयटू’ ही रचना २००९ मध्ये विक्रीस आली, इटलीच्या कॅम्पान्योलोची २०११ मध्ये आणि अमेरिकेच्या स्रॅम कंपनीची पूर्णपणे बिनतारी ‘ईटॅप’ २०१५ मध्ये आली; या सर्वांत मोटर थेट बॅटरीवर चालते. डीआयटूमध्ये सहसा एकच बॅटरी सीटखालच्या नळीत दडवलेली असते आणि तिच्यापासून दोन्ही डिरेलरांना तारेने वीज मिळते, तर स्रॅमच्या रचनेत प्रत्येक डिरेलरवर बोटभर आकाराची वेगळी बॅटरी बाहेरूनच खटक्याने बसवलेली असते. राखीव बॅटरीचा सारा विचार या एका फरकावर वेगळा होतो.

स्रॅमच्या बॅटरीचे वजन सुमारे २४ ग्रॅम असून तिच्यात ७.४ व्होल्टला ३०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे सुमारे २.२ वॅट-तास ऊर्जा मावते. वॅट-तास म्हणजे एक वॅट शक्ती एक तास वापरली असता खर्च होणारी ऊर्जा, २.२ वॅट-तास म्हणजे जवळपास ८,००० ज्यूल. मध्यम वेगाने पॅडल मारणारा सायकलस्वार साधारण १०० वॅट शक्ती देतो असे धरले, तर बॅटरीतील सारी ऊर्जा त्याचे पाय अवघ्या ८० सेकंदांत निर्माण करतात. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे एवढ्यावर सुमारे ६० तासांचे सायकलिंग होते; म्हणजेच सरासरी खर्च ३७ मिलिवॅटच्या आसपास पडतो. मोटर फक्त गिअर बदलतानाच क्षणभर चालते, उरलेल्या वेळी संदेशाची वाट पाहणारा रेडिओ आणि नियंत्रक चिप जागी असते, म्हणून हा आकडा इतका लहान राहतो.

मग बॅटरी रस्त्यात संपते ती का? यातील बरेच प्रसंग सायकल चालत नसतानाच घडून गेलेले असतात. बिनतारी डिरेलरमध्ये हालचाल ओळखणारा संवेदक असतो, जो सायकल स्थिर असेल तेव्हा यंत्रणेला झोपवतो आणि हलताच जागी करतो. सायकल मोटारीच्या मागे स्टँडवर बांधून नागपूरहून ताडोब्याच्या दिशेने आणली जाते तेव्हा रस्त्याच्या हादऱ्यांमुळे ही यंत्रणा सारा वेळ जागी राहते आणि कोणी एकही गिअर न बदलता बॅटरी उतरत जाते. म्हणून वाहतुकीत बॅटऱ्या काढून त्यांवर झाकणे बसवावीत, अशी सूचना उत्पादकच देतात. भिंतीला टेकवून ठेवलेल्या सायकलीचा खटका कशाने तरी सतत दाबला जाणे आणि चार्ज करण्याचा साधा विसर पडणे, ही आणखी दोन कारणे. या तिन्हींवर मोठी बॅटरी हा उपाय नव्हे.

आता उष्णतेकडे. लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, ग्रॅफाइटचा ऋण ध्रुव आणि धातूच्या ऑक्साइडचा धन ध्रुव यांच्यामध्ये एका द्रवातून ये-जा करतात. पहिल्याच चार्जिंगमध्ये ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर या द्रवाच्या विघटनातून एक अतिशय पातळ थर तयार होतो. तो पुढील विघटन रोखतो म्हणून आवश्यकही असतो, परंतु त्याची वाढ कधीच पूर्णपणे थांबत नाही, तो कणाकणाने जाड होत राहतो आणि प्रत्येक वेळी थोडे लिथियम कायमचे अडकवून ठेवतो. बाकीच्या रासायनिक क्रियांप्रमाणे हीही क्रिया तापमानाबरोबर वेग घेते. तापमान दहा अंशांनी वाढले की तिचा वेग अंदाजे दुपटीने वाढतो, असा ढोबळ हिशेब रसायनशास्त्रात केला जातो. त्यात बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर दोन्ही ध्रुव आपल्या रासायनिक टोकाच्या स्थितीत असतात आणि द्रवावरील ताण वाढतो. कोबाल्टयुक्त लिथियम-आयन बॅटरीबाबत सर्रास दिल्या जाणाऱ्या आकड्यांनुसार २५ अंशांत ४० टक्के भरून वर्षभर ठेवलेली बॅटरी आपली सुमारे ९६ टक्के क्षमता राखते, तर ४० अंशांत पूर्ण भरून ठेवलेली बॅटरी वर्षाअखेरीस ६५ टक्क्यांवर येते. आणि ६० अंशांत, पूर्ण भरलेल्या अवस्थेत, एवढी घट तीन महिन्यांतच होऊन जाते.

६० अंश हा आकडा प्रयोगशाळेतला वाटला तरी भद्रावतीत तो दूर नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत, विशेषतः काचेलगतच्या फळीवर, चंद्रपूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात तापमान तेथवर सहज पोहोचते. ‘वेळेला असावी’ म्हणून पूर्ण चार्ज करून मोटारीच्या कप्प्यात ठेवून दिलेली बॅटरी पावसाळ्याअखेरीस बाहेर काढून बसवली जाते तेव्हा डिरेलरवरचा दिवा हिरवाच लागतो, कारण दिवा उरलेला चार्ज दाखवतो, झिजलेली क्षमता दाखवत नाही. वापरातली बॅटरी मात्र बहुतेक वेळ अर्धवट भरलेली असते, घरात सावलीत असते आणि म्हणून राखीव बॅटरीपेक्षा तरुण राहू शकते. यावर दुसरी राखीव बॅटरी विकत घेणे हा खर्चिक आणि निरुपयोगी उपाय आहे. वापरातली आणि राखीव अशा दोन्ही बॅटऱ्यांवर खुणा करून त्या आलटून पालटून वापरणे, राखीव बॅटरी साधारण अर्धी भरून घरातील सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवणे आणि मोठ्या फेरीच्या आदल्या रात्रीच ती पूर्ण भरणे, एवढे पुरते. चार्जिंगसाठीही ४५ अंश ही वरची मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या छताखाली ती ओलांडली जाऊ शकते, तेव्हा हे काम रात्रीवर ढकललेले बरे.

हँडलवरील बिनतारी खटक्यांचा हिशेब वेगळा आहे. त्यांत बटनाच्या आकाराचे, पुन्हा चार्ज न होणारे सेल असतात. स्रॅममध्ये बहुतेक ठिकाणी सीआर २०३२, तर शिमानोच्या २०२१ नंतरच्या बिनतारी खटक्यांत सीआर १६३२. यातील पहिले दोन अंक व्यास मिलिमीटरमध्ये आणि पुढचे दोन जाडी मिलिमीटरच्या दशांशांत सांगतात, म्हणजे सीआर २०३२ चा व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. हे सेल वर्षानुवर्षे टिकतात आणि पडून राहिल्याने होणारी त्यांची घट वर्षाला एखाद्या टक्क्याच्या आसपास असते, त्यामुळे राखीव म्हणून ते उत्तम. सीआर २०३२ संगणकाच्या मदरबोर्डपासून मोटारीच्या रिमोट किल्लीपर्यंत अनेक उपकरणांत लागतो, म्हणून तालुक्याच्या बाजारातही मिळतो. सीआर १६३२ तुलनेने दुर्मीळ असल्याने तोच पिशवीत असावा. मात्र हे सेल मूळ वेष्टनातच ठेवावेत, कारण सुटी नाणी किंवा किल्ल्या यांच्याशी, किंवा एकमेकांशीही, त्यांचा संपर्क आला की ते शॉर्ट होऊन उतरतात. लहान मुलाने असा सेल गिळल्यास अन्ननलिकेला काही तासांतच गंभीर इजा होते, तेव्हा वापरलेले सेलही घरात इतस्ततः टाकू नयेत.

डीआयटूच्या नळीतील बॅटरी रस्त्याच्या कडेला बदलणे व्यवहार्य नसते, त्यामुळे तेथे राखीव बॅटरी म्हणजे प्रत्यक्षात पॉवर बँक आणि त्या रचनेची खास चार्जिंग वायर. वायर घरी राहिली तर पॉवर बँक कितीही मोठी असून उपयोग नाही. या रचनेत एक शहाणपण अंतर्भूत आहे: चार्ज कमी होताच आधी पुढचा डिरेलर बंद पडतो, कारण तणावाखालची चेन मोठ्या चक्रावर चढवायला अधिक ऊर्जा लागते, मागचा त्यानंतरही काही काळ चालतो आणि शेवटी ज्या गिअरवर असेल तेथेच थांबतो. भद्रावती–मोहर्ली बाजूच्या जंगलालगतच्या रस्त्यावर, संध्याकाळच्या आधी गावात पोहोचणे भाग असताना, तो शेवटचा गिअर फार जड नसणे सोयीचे, म्हणून लाल दिवा दिसताच मधला गिअर निवडून ठेवावा.

नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये पूर्ण केलेल्या रेस अॅक्रॉस अमेरिका या सुमारे ४,८०० किलोमीटरच्या स्पर्धेत सायकलस्वाराच्या मागे मदतीची गाडी चालते आणि तेथे चार्जिंग हा प्रश्नच राहत नाही. बीआरएम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या दीर्घ फेऱ्यांत मात्र नियंत्रण चौकीखेरीज बाहेरची मदत घेता येत नाही. तेथे २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ६०० किलोमीटरला ४० तास मिळतात. ६० तासांची पूर्ण भरलेली, निरोगी बॅटरी ६०० पर्यंत राखीवाविना नेते, परंतु उन्हात झिजून दोनतृतीयांशावर आलेली बॅटरी तेवढ्यालाच अपुरी पडू लागते. नागपूर ते चंद्रपूर हा पट्टा बराचसा सपाट असल्याने पुढचा डिरेलर क्वचितच हलतो आणि स्रॅमच्या दोन्ही डिरेलरांच्या बॅटऱ्या एकसारख्याच असतात. मागची संपली तर पुढची काढून मागे बसवता येते आणि पुढचे चक्र एकाच जागी ठेवून उरलेले अंतर कापता येते. दोन चक्रे असलेल्या सायकलीला या प्रदेशात राखीव बॅटरी आधीपासूनच जोडलेली असते, फक्त संपलेली बॅटरी पुढे बसवण्यापूर्वी चेन लहान चक्रावर आणून ठेवलेली असावी.