खरारा आणि बुजरा घोडा

घोड्याच्या अंगावर माशी बसली की नेमकी तेवढीच कातडी थरथरते. माथेरानला किंवा लग्नाच्या वरातीत, जिथे घोडा उभा असेल तिथे हे सहज पाहता येते. घोड्याच्या धडावर कातडीला चिकटून एक पातळ, पसरट स्नायू असतो. माशीच्या पायांनी केस हलतात, केसांच्या मुळाशी असलेल्या चेतातंतूंना ते कळते आणि हा स्नायू आकुंचन पावतो. माशीचा स्पर्श ओळखणाऱ्या या कातडीला खराऱ्याचा स्पर्श कसा वाटत असेल?

पुष्कळ घोड्यांना खरारा आवडतो. काही घोडे मात्र ब्रश पोटाकडे गेला की कान मागे पाडतात, शेपटी झटकतात, चावायला येतात किंवा लाथ झाडतात. अशा घोड्याला 'खोडकर' ठरवून मारले जाते. पण खोड म्हणण्याआधी कारण शोधायला हवे.

पहिली शंका दुखण्याची. खोगिराखालची जखम, पाठीचे दुखणे, त्वचेचा रोग किंवा जठरातील व्रण यांमुळेही घोडा स्पर्श टाळतो. आधी शांत असलेला घोडा अचानक हात लावू देईनासा झाला, तर प्रथम पशुवैद्यालाच दाखवावे.

दुसरे कारण स्पर्शाच्या प्रकारात आहे. वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. एका विद्यार्थ्याला डोळे मिटायला सांगा. त्याच्या हातावरून एकदा पीस हलकेच फिरवा आणि एकदा पूर्ण तळवा टेकवून सावकाश फिरवा. पिसाने गुदगुल्या होतात, तळव्याने होत नाहीत. म्हणजे हलका स्पर्श सौम्य असतोच असे नाही. बुजऱ्या घोड्यालाही टोकदार, घाईने फिरणाऱ्या ब्रशापेक्षा टेकवलेला तळहात अधिक सहन होतो.

तिसरे कारण शिकण्याचे. घोड्याने पाय झाडला आणि आपण दचकून हात काढून घेतला, तर घोडा काय शिकेल? 'पाय झाडला की त्रास थांबतो.' पुढच्या वेळी तो लवकर पाय झाडेल. उलट, आपण मारले तर ब्रश आणि वेदना यांची सांगड बसेल. दोन्ही मार्गांनी खोड पक्कीच होते.

मग सुरुवात कुठून करावी? याचे उत्तर घोडेच देतात. दोन घोडे समोरासमोर उभे राहून एकमेकांची मान व पाठ दातांनी हळूहळू खाजवतात. अयाळ संपते तिथला खांद्यांमधला उंचवटा ही त्यांची आवडती जागा. फ्रान्समधील कामार्ग भागातल्या घोड्यांवर क्लाउडिया फे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, माणसाने या जागी खाजवले तेव्हा हृदयाचे ठोके मंदावले. नावडत्या जागी खाजवल्यावर तसे झाले नाही.

म्हणून घोड्याला दिसेल अशा बाजूने, बोलत बोलत खांद्यापाशी जावे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, पण अगदी पाठीमागचे दिसत नाही. तिथून अचानक लागलेला हात त्याला शत्रूचाच वाटतो. उंचवट्यावर खाजवून तो सैलावला की हात थोडा पाठीकडे न्यावा. अंग ताठ होण्याच्या अलीकडेच थांबावे, हात तिथेच स्थिर ठेवावा, आणि घोडा शांत उभा राहिला की मगच काढावा. आता तो शिकतो, 'स्वस्थ उभे राहिले की हात निघतो.' दुसऱ्या दिवशी वीतभर पुढे जावे. हाताची सवय झाल्यावर मऊ फडके, त्यानंतर मऊ ब्रश. पोट, कुशी आणि मागचे पाय सर्वांत शेवटी.

हे वेळखाऊ वाटेल, पण त्याचा परिणाम टिकतो. लेआ लान्साद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी काही घोड्यांना त्यांची प्रतिक्रिया पाहत खरारा केला, तर काहींना ठरीव पद्धतीने. पहिल्या गटातील घोड्यांच्या चेहऱ्यावर समाधानाच्या खुणा अधिक दिसल्या, आणि वर्षभरानंतरही हा फरक उरला होता.

विद्यार्थ्यांनी बुजऱ्या घोड्यावर स्वतः प्रयोग करू नयेत. लाथेने हाड मोडू शकते, म्हणून हे काम जाणत्या मोतद्दाराचेच. निरीक्षण मात्र सुरक्षित अंतरावरून कोणालाही करता येईल. घोडा कान केव्हा पाडतो, शेपटी केव्हा झटकतो, मान केव्हा सैल सोडतो आणि त्या क्षणी माणसाचा हात कुठे होता, हे वहीत लिहून ठेवावे. चार-पाच दिवसांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, तर लाथ बसण्याच्या कितीतरी आधी घोड्याने नकार कळवला होता, हे विद्यार्थ्यांच्या आपोआप ध्यानात येईल.