जूनमध्ये ‘लॉक’, दिवाळीनंतर ‘फ्री’

म्हसा परिसरात एकाच जमिनीची दोन रूपे पाहायला मिळतात. पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा आणि तिच्यासोबत बैलबाजार भरतो, तेव्हा खुरांखाली नुसता फुफाटा असतो. जुलैत, आवणीच्या दिवसांत, देहरीकडे किंवा सिद्धगडाच्या बाजूला जाणारी कच्ची वाट मात्र शेजारच्या खाचराइतकीच गाळाची होते. अशा मुलखात फिरणाऱ्या जुन्या फोर-बाय-फोर गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध तळहातात मावेल एवढी एक चकती असते. तिच्यावर दोन खुणा असतात, ‘लॉक’ आणि ‘फ्री’. हे चिखलाचे हत्यार, असा सार्वत्रिक समज आहे. म्हणून गाडी रुतली की चालक उतरतो, गुडघाभर चिखलात वाकतो आणि खुणेवर गाळ बसलेली चकती चाचपडत फिरवतो. या समजातच उलटापालट झाली आहे. गाडी चिखलातून बाहेर काढण्यासाठी ही चकती असलेला हब जन्माला आलाच नव्हता. तो आला डांबरी रस्त्यासाठी.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला असा हब नव्हता. तिची पुढची चाके एक्सलच्या दांड्यांना कायमची जोडलेली होती. युद्ध संपल्यावर शिलकी जीप नागरिकांच्या हाती आल्या आणि रोजच्या रस्त्यावर पळू लागल्या, तेव्हा या जोडणीचा जाच जाणवू लागला. 1948 मध्ये अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी कंपनी काढली ती या जीपना सुटे होणारे हब बसवण्यासाठी. आपल्याकडे महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली तो काळही हाच. पुढे 1985 मध्ये आलेल्या मारुती जिप्सीमुळे ‘फ्री-व्हीलिंग हब’ हा शब्द गॅरेजमध्ये रुळला. नावातच काय ते सांगितलेले आहे, चाक मोकळे फिरावे.

जाच कसला होता? पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचा लिव्हर टू-व्हीलवर असला की इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. पण पुढची चाके रस्त्यावर घरंगळतातच, आणि दांड्याला जोडलेली असतील तर ती दांडे फिरवतात, दांडे क्राऊन-पिनियन फिरवतात, पिनियन पुढचा प्रोपेलर शाफ्ट फिरवतो. काम शून्य, हौसिंगमधले घट्ट तेल मात्र मैलोन्‌मैल घुसळले जाते, सांधे आणि सील झिजतात. चकती ‘फ्री’वर फिरवली की आतली दातेरी कडी मागे सरकते आणि दांडा व चाक यांचे नाते तुटते. चाक आपल्या बेअरिंगवर एकटे फिरते, दांड्यापासून शाफ्टपर्यंतचे बाकी सारे गप्प राहते. ‘लॉक’वर तीच कडी पुन्हा दात्यांत जाऊन बसते.

मग ‘लॉक’ ठेवून डांबरावर गाडी चालवली तर बिघडते, असे म्हणतात त्याचे काय? इथे हबचा आणि लिव्हरचा दोष एकमेकांत मिसळला जातो. मळणीची पात धरताना तिवड्याजवळ संथ बैल बांधतात आणि बाहेरच्या टोकाला चालता, कारण बाहेरच्याला मोठा फेरा पडतो. वळणावर गाडीच्या पुढच्या चाकांनाही मागच्यांपेक्षा मोठा फेरा पडतो. मागच्या एक्सलचा मध्य 6 मीटर त्रिज्येने वळतो आहे आणि दोन एक्सलमधले अंतर 2.4 मीटर आहे असे धरा. काटकोनाच्या वळणात मागचा एक्सल सुमारे 9.4 मीटर चालतो, पुढचा 10.1 मीटरच्या वर. फरक जवळजवळ पाऊण मीटरचा. या गाड्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो. लिव्हर फोर-व्हीलवर टाकला की दोन्ही शाफ्ट एका गतीला बांधले जातात आणि तो पाऊण मीटर कुठेतरी घसरून भरून काढावा लागतो. चिखलात टायर सहज घसरतो. माळशेज घाटातल्या डांबरावर, अगदी ओल्यासुद्धा, तो तितका सहज घसरत नाही. मग पीळ शाफ्टवर आणि गिअरवर चढतो. हा पीळ आणतो तो लिव्हर. हब ‘लॉक’ आणि लिव्हर टू-व्हीलवर असेल तर पुढचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये सुटाच असतो, त्यामुळे पीळ पडण्याचा प्रश्नच येत नाही.

म्हणूनच या भागात हा हब ऋतूप्रमाणे वापरण्याची गोष्ट आहे असे माझे मत आहे. पहिल्या पावसाआधी कोरड्या अंगणात दोन्ही चकत्या ‘लॉक’ कराव्यात आणि वाटा सुकेपर्यंत तशाच राहू द्याव्यात. चिखल दिसला की बसल्या जागेवरून लिव्हर ओढला की झाले. डिझेल वाया जाईल, हा आक्षेप खरा आहे. पण हा तोटा थोडा असतो, आणि विसरलेल्या ‘फ्री’ची किंमत त्याहून भारी पडते. हब मोकळे ठेवून लो-रेंज टाकली की वाढलेला सगळा जोर एकट्या मागच्या एक्सलवर येतो. दांडा तुटण्याचे ते एक जुने कारण आहे. एकच चकती फिरवून दुसरी राहिली तर गंमत आणखी वेगळी. डिफरन्शियल सारी फिरकी मोकळ्या दांड्याकडे सोडतो आणि ‘लॉक’ केलेल्या चाकाला काही म्हणजे काही मिळत नाही. हब-लॉक म्हणजे डिफरन्शियल-लॉक नव्हे, हेही यातून कळते. दोन्ही हब नीट लागलेले असतानाही पुढचे एक आणि मागचे एक चाक अधांतरी फिरत राहू शकते.

आपोआप लागणारे हब आल्यावर ही कटकट कशाला, असेही कोणी म्हणेल. सोय आहेच, भर पावसात उतरावे लागत नाही. पण असे बरेच हब दांड्याच्या जोरावर लागतात आणि गाडी उलट दिशेला गेली की सुटतात. रुतलेली गाडी काढताना तर आपण तिला पुढे-मागे हेलकावतो, म्हणजे नेमक्या वेळी हब सुटण्याची भीती. निर्वाताच्या नळीवर चालणाऱ्या हबना ही अडचण नाही. त्यांची नळी चिरली की वेगळी अडचण. हाताने फिरवायच्या चकतीत दिसते ते असते.

दिवाळीनंतर चकत्या ‘फ्री’ कराव्यात. मात्र महिन्यातून एकदा ‘लॉक’ करून टू-व्हीलवरच काही किलोमीटर गाडी चालवावी, म्हणजे हौसिंगच्या तळाशी साचलेले तेल वरच्या दात्यांपर्यंत आणि सीलपर्यंत चढते. आणि हब खरोखर सुटला आहे का, याची शंका असेल तर गॅरेज गाठायची गरज नाही. गाडी टू-व्हीलवर ठेवून पुढच्या प्रोपेलर शाफ्टवर वरच्या बाजूला खडूची रेघ ओढायची, गाडी साधारण फूटभरच पुढे न्यायची आणि पुन्हा वाकून बघायचे. हब सुटले असतील तर रेघ साधारण जिथल्या तिथे असते. लागलेले असतील तर जागेवरून फिरलेली दिसते.