कांद्याच्या पापुद्र्यातील जीवशास्त्र

कॉलेजात मराठी शिकविणाऱ्या माणसाने जीवशास्त्रावर लिहावे, ही कित्येकांना घुसखोरी वाटेल. पण विज्ञान शाखेतली मुले भाषेच्या तासालाही येऊन बसतात आणि त्यांच्या अडचणी तिथे कळतात. मराठी शाळेत दहावीपर्यंत जो मुलगा पेशी, केंद्रक, हरितद्रव्य हे शब्द सहज बोलत होता, तो अकरावीत सेल, न्यूक्लियस, क्लोरोफिल ऐकताच मुका होतो. ओळखीचीच माणसे नवा पोशाख करून आली, आणि ह्याने त्यांना ओळखले नाही! मग अर्थाचा नाद सोडून तो घोकंपट्टीला लागतो. परीक्षेपुरते ते चालतेही; पण पदवीच्या वर्गात पुढचे सारे शास्त्र ज्या पायावर उभारायचे, तो पायाच कच्चा राहतो.

हा पाया आहे तरी केवढा? पहिल्या वर्षाचे पुस्तक चांगले जाडजूड असते. पण त्यातला गाभा मोजक्या कल्पनांत सामावतो. सजीवांची शरीरे पेशींची बनलेली असतात. पेशी पेशीपासूनच होते. पेशीतली रासायनिक कामे विकरे घडवून आणतात. गुण पिढ्यान्‌पिढ्या उतरतात. आणि त्यांत पडणाऱ्या फरकांतून, निसर्गाच्या निवडीने, नव्या जाती उपजतात. हे शिकायला हत्ती नको की देवमासा नको. स्वयंपाकघरातला एक कांदा पुष्कळ झाला.

पापुद्रा काय सांगतो?

कांद्याच्या मांसल पाकळीचा पातळ पापुद्रा सोलावा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरावा, वर आयोडीनचा थेंब सोडावा आणि सूक्ष्मदर्शकातून पाहावे. विटांच्या भिंतीसारख्या रचलेल्या पेशी दिसतात. प्रत्येकीत एक पिवळसर तपकिरी ठिपका, तो केंद्रक. रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली बुचाच्या कापात पाहिलेल्या कप्प्यांना ‘सेल’ म्हटले. सेल म्हणजे लहानशी खोली. त्याला दिसल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती. सर्व वनस्पतींची आणि प्राण्यांची शरीरे पेशींचीच असतात, हे श्लायडेन आणि श्वान ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी मांडले ते १८३८-३९ साली!

आता एक गंमत. पुस्तकातल्या आकृतीत वनस्पतीच्या पेशीत हिरवे ठिपके असतातच. पापुद्र्यात ते शोधूनही सापडत नाहीत. मग खोटे कोण, आकृती की कांदा? कोणीच नाही. ते ठिपके म्हणजे हरितलवके. उजेडात अन्न तयार करणे हे त्यांचे काम. मातीत अन्न साठवून बसलेल्या कांद्याला त्यांचा काय उपयोग? त्याच कांद्याची पात पाहा, ती हिरवीगार. पातीच्या आणि कांद्याच्या पेशींत वारशाने आलेली माहिती एकच, कामाची वाटणी मात्र निराळी. आकृती पाठ करणारा इथे अडखळतो, ‘असे का?’ म्हणून विचारणारा पुढे जातो.

मीठ आणि अश्रू

कोशिंबिरीसाठी चिरलेल्या कांद्याला मीठ लावले की पाणी सुटते, हे घरोघरच्या गृहिणीला ठाऊक असते. कॉलेजात ह्यालाच परासरण म्हणतात. पेशीचे पटल पाण्याला सहज वाट देते, मिठाला देत नाही. बाहेर मीठ वाढले की पाणी आतून बाहेर ओढले जाते. लाल कांद्याचा पापुद्रा मिठाच्या पाण्यात ठेवून पाहिला, तर पेशीतला रंगीत ऐवज भिंतीपासून सुटून आक्रसताना डोळ्यांना दिसतो.

आणि अश्रूंचे काय? कांदा नुसता हातात धरून कोणी रडत नाही. सुरी लागली की डोळ्यांना धार लागते. अखंड पेशीत गंधकयुक्त द्रव्य एका कप्प्यात असते, त्यावर काम करणारे विकर दुसऱ्या. सुरीने कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि डोळ्यांना झोंबणारे द्रव्य हवेत उडते. ह्या कामी आणखी एक निराळे विकर लागते, हे जपानी संशोधकांनी २००२ साली दाखवून दिले. पेशी म्हणजे नुसती पिशवी नव्हे, तिच्यात मांडणी आहे, हा धडा ह्याहून सोपा करून कोण सांगणार?

नावात बरेच काही आहे

पाण्याच्या पेल्यावर कांदा ठेवला की थोड्याच दिवसांत पांढरी मुळे फुटतात. त्यांच्या टोकाशी पेशी भराभर विभागत असतात. रंग दिला की त्यांत धाग्यांसारखी गुणसूत्रे दिसतात. कांद्यात ती सोळा, माणसात शेहेचाळीस, बटाट्यात अठ्ठेचाळीस! तेव्हा संख्येवरून मोठेपणा ठरवू नये. लसणातही सोळाच, कांद्यालसणाचे पूर्वज एक होते, हे त्यांच्या पेशींवरूनही ताडता येते.

इथे भाषेच्या माणसाला बोलल्यावाचून राहवत नाही. ‘क्रोमोसोम’ हा शब्द वाल्डायरने १८८८ साली घडविला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘रंगदेह’, म्हणजे रंग धरणारी वस्तू. मेंडेलने वाटाण्यावरचे प्रयोग १८६६ साली प्रसिद्ध केले होते. पण गुण वाहून नेतात ते हेच धागे, हे कळायला विसावे शतक उजाडले. परदेशी नावात डोळ्यांना काय दिसले ते आहे. आपल्या ‘गुणसूत्रा’त बुद्धीला काय उमगले ते आहे. दोन्ही नावे शेजारी ठेवली की शोधाचा इतिहासच हाती येतो.

मराठी शब्द म्हणून तो आपोआप निर्दोष, असेही नाही. ‘पेशी’ सुश्रुतसंहितेत मांसपेशी ह्या अर्थाने येते, आणि आजच्या हिंदीतही पेशी म्हणजे स्नायूच. सेलला तिथे कोशिका म्हणतात. म्हणून शब्द कोणत्याही भाषेतला असो, त्याची फोड करावी, त्याच्या मागची वस्तू डोळ्यांनी पाहावी. विद्यार्थ्याने वहीत इंग्रजी नावासमोर मराठी नाव आणि त्याखाली दोन ओळींत ‘हे काय करते’ एवढे लिहिले, तरी भीती निम्मी होईल. इंग्रजी त्याला शिकावेच लागेल. पण समजण्यासाठी स्वतःची भाषा टाकून द्यावी लागत नाही.

चातुर्मास पाळणाऱ्या घरांत कांदा कार्तिकी एकादशी उलटल्यावरच येईल. तो आला, की पहिली पाकळी चिरंजीवांच्या किंवा कन्येच्या हाती द्यावी, आणि पापुद्रा सोलायला सांगावे. कोशिंबीर थोडी उशिरा झाली तरी चालेल!