आजोबांच्या कॅमेऱ्याचा डोळा

मुलांनो, कपाटात आजोबांचा फिल्मचा कॅमेरा पडून आहे का? त्याची लेन्स सुटी होत असेल, तर तो भंगारात द्यायची घाई करू नका हं!

आधी एक प्रयोग. दिवसा खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरा आणि हळूहळू मागं-पुढं करा. एका ठरावीक अंतरावर खिडकीचं उलटं चित्र भिंतीवर स्पष्ट उमटेल. अंतर चुकलं, की चित्र पुसट! कॅमेऱ्यातही हेच घडतं. भिंतीच्या जागी पूर्वी फिल्म असे, डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सर असतो.

१९५९ साली आलेल्या निकॉन एफ कॅमेऱ्यात लेन्स बसवायच्या कड्यापासून फिल्म ४६.५ मिलिमीटर दूर असे, कारण मध्ये आरसा होता. २०१८ च्या निकॉन झेड कॅमेऱ्यात आरसाच नाही, म्हणून अंतर फक्त १६ मिलिमीटर. करा वजाबाकी! ३०.५ आले ना? तेवढी जागा भरून काढणारं ‘ॲडाप्टर’ मध्ये लावलं, की जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालते.

मात्र साध्या ॲडाप्टरवर फोकस आपल्या हातानं जुळवायचा. प्रकाश किती घ्यायचा, तेही लेन्सवरचं कडं फिरवून आपणच ठरवायचं. त्यातूनच तर फोटो काढणं समजतं!

पालकांनो, लेन्समध्ये बुरशीचं जाळं नाही ना, ते उजेडात बघून घ्या. आणि मुलांनो, लेन्समधून सूर्याकडे कधीही पाहू नका.

मग पहिला फोटो कुणाचा? आजोबांचाच काढा!