रुळांशेजारचे ऐकणे

तीन वर्षांपूर्वीची कार्तिकी एकादशी. बदलापूर गावातल्या एका भजनी मंडळाचे आठ अभंग मी अंबरनाथच्या माझ्या घरी ध्वनिमुद्रित केले होते, ते त्या दिवशी मंदिरातल्या मोठ्या बॉक्सवर पहिल्यांदा लागले. दोन महिने रात्री जागून, कानाला हेडफोन लावून मी त्या आठ अभंगांचे मिश्रण केले होते. हेडफोनमध्ये ते भरदार वाजत होते. मंदिरात मात्र बुवांचा आवाज कानात टोचू लागला, टाळ पत्र्यावर खडे पडावेत तसे वाजले आणि पखवाजाचा धुमा जवळजवळ नाहीसाच झाला. पखवाजी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, माझा डावा हात कुठं गेला?" बुवा काही बोलले नाहीत. पंचाहत्तरीच्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे गाणे मुद्रित करून घेतले होते, आणि ते असे निघाले होते.

डावा हात कुठे गेला याचा शोध घेता घेता मला हेडफोन म्हणजे काय हे शिकावे लागले. हा लेख त्या शोधाचा आहे.

आधी एका प्रश्नाचे उत्तर देतो, कारण तो नेहमी विचारला जातो. मिश्रण करायचे तर चांगले स्पीकर का घेऊ नयेत? मोठ्या, नीट बांधलेल्या खोलीत तेच योग्य. पण आमच्याकडच्या खोल्या दहा बाय दहाच्या, आणि छतही साधारण दहा फुटांवर. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनीची लाट अडकते आणि ज्या लाटेची अर्धी लांबी भिंतींमधल्या अंतराइतकी असते, ती लाट फुगते. दहा फुटांना हा हिशेब सुमारे ५६ हर्ट्झ येतो, आणि त्याच्या दुपटीला, म्हणजे ११२ हर्ट्झला, पुन्हा तेच. खोली लांबी, रुंदी, उंची तिन्ही बाजूंनी सारखी असेल तर तिन्ही दिशांची सूज एकाच ठिकाणी येते. पखवाजाच्या धुमेचा आणि तबल्याच्या डग्ग्याचा खालचा नाद नेमका याच परिसरात फिरतो. अशा खोलीत कोपऱ्यात बसलात तर डग्गा घुमतो आणि मधोमध बसलात तर गायब होतो. महागडा स्पीकर आणला तरी खोली तीच राहते.

शिवाय शेजार आहे. उल्हासनगरची वस्तीच मुळात लष्करी छावणीच्या बरॅकींत सुरू झाली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या या छावणीत जागा मिळाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्प एक ते पाच हे पत्ते आजही तसेच आहेत. तिथे माझा एक मित्र घरीच गाण्यांना संगीताची साथ तयार करतो. त्याच्या भिंतीपलीकडे जीन्स शिवणारी यंत्रे दिवसभर चालतात. माझ्या खिडकीसमोरून कर्जत आणि खोपोलीच्या लोकल जातात, पुण्याकडच्या गाड्या जातात, आणि रात्री मालगाड्या. बदलापुरात नव्या इमारती उंच आहेत, पण विभाजनाच्या भिंती चार इंची आहेत. रात्री अकरानंतर स्पीकर लावला तर दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सचिव भेटतात. हेडफोन ही आमची हौस नव्हे, गरज आहे.

हेडफोनचे मूळही घरातलेच आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या नॅथॅनिएल बाल्डविन याने घरच्या स्वयंपाकघरात बनवलेल्या जोड्या १९१० च्या सुमारास तिथल्या आरमाराने घेतल्या. त्या संदेश ऐकण्यासाठी होत्या. गाणे ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन जॉन कॉस याने १९५८ मध्ये आणला. तोवरचे हेडफोन कान बंद करून टाकणारे असत. १९६८ मध्ये सेनहायझर कंपनीने एचडी ४१४ हा मागून उघडा हेडफोन काढला, आणि तिथून दोन घराणी वेगळी झाली.

पहिल्या घराण्यात कानावरची वाटी मागून बंद असते. आवाज बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत कमी येतो. दुसऱ्यात वाटीला जाळी असते. पडद्याच्या मागची हवा मोकळी राहिल्याने आवाज कोंडत नाही आणि जागा प्रशस्त वाटते, पण शेजारी बसलेल्याला तुमचे गाणे ऐकू येते आणि तुम्हाला त्याचे बोलणे. गायकाला मुद्रणाच्या वेळी उघडा हेडफोन दिला तर त्यातला ठेका मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि मग तो काढता येत नाही. त्यामुळे मुद्रणाला बंद आणि मिश्रणाला उघडा, असा सर्वसाधारण सल्ला देतात. सल्ला बरोबर आहे, पण तो शांत खोलीसाठी आहे. उघडा हेडफोन लावून मी बसलो की बुवांच्या आलापात कर्जत लोकल मिसळते. एकच जोडी घेण्याची ऐपत असेल तर आमच्या भागात ती बंदच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. बंद वाटीही सगळे अडवत नाही. शिट्टी, भांडी, बोलणे यांचे वरचे स्वर अडतात, गाडीची खालची घरघर बरीचशी आत येते. ती घरघर कापणारे, बाहेरच्या आवाजाविरुद्ध उलट लाट सोडणारे हेडफोन प्रवासात उत्तम. मिश्रणाला नकोत, कारण ते स्वतःची आकडेमोड आवाजात मिसळतात.

आता डावा हात. माझा तेव्हाचा हेडफोन उल्हासनगरच्या बाजारातून घेतलेला होता. त्यावर एका प्रसिद्ध कंपनीचे नाव होते आणि किंमत मात्र त्या नावाला न शोभणारी. उल्हासनगरच्या मालावरच्या 'मेड इन यूएसए'चा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. त्यात त्या गावाच्या कष्टांचे कौतुकही आहे, कारण शून्यातून उभे राहिलेले ते लोक आहेत. नकली माल आज कुठल्याही शहरात आणि फोनवरच्या खरेदीतही मिळतो. मला लोभ सुटला, हे खरे कारण. त्या हेडफोनचा खर्ज मुद्दाम फुगवलेला होता, कारण दुकानात दहा सेकंद ऐकणाऱ्याला तोच आवडतो. त्यात धुमा दणदणीत वाजत होता, म्हणून मी तो कमी केला. आवाजाचा वरचा भाग त्यात दबलेला होता, म्हणून मी तो वाढवला. हेडफोन जे खोटे सांगत होता त्याच्या बरोबर उलटे मी अभंगांत कोरून ठेवले.

खोक्यावर लिहिलेले '२० ते २०,००० हर्ट्झ' यात काहीच मदत करत नाही. त्या पट्ट्यात कुठला स्वर किती डेसिबल वर किंवा खाली वाजतो, ते सांगितल्याशिवाय हा आकडा निरर्थक आहे. 'सपाट' हा शब्दही फसवा आहे. समोरून येणारा आवाज बाहेरच्या कानाच्या पाळीवर आणि नळीत ३,००० हर्ट्झच्या आसपास नैसर्गिकपणे वाढतो. हेडफोन त्या वाटेचा बराचसा भाग टाळतो, म्हणून ती वाढ त्याला स्वतःच द्यावी लागते. हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१३ च्या आसपास श्रोत्यांना बसवून चाचण्या केल्या. चांगल्या खोलीत चांगला स्पीकर जसा वाजतो तसा वाजणारा हेडफोन बहुतेकांना आवडतो, असे त्यातून पुढे आले. हेडफोन निवडताना त्याचा मोजलेला आलेख पाहता आला तर पाहावा.

आणि ऐकून निवडायचा तर आपले वाद्य लावून ऐकावे. दुकानदार लावतो त्या नाचाच्या गाण्यावरून पखवाजाचे काही कळत नाही. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये दाखवले की आपल्या चर्मवाद्यांवरच्या शाईमुळे त्यांचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत येतात. साध्या ढोलात तसे होत नाही. पुढच्या वर्षी त्यांनी तानपुऱ्याच्या जवारीवर लिहिले. घोडीच्या रुंद पाठीवर तार घासत राहते आणि वरच्या स्वरांचा तो झगमगाट उठतो. म्हणून माझी पहिली कसोटी तानपुरा. चांगल्या हेडफोनमध्ये एका षड्जाच्या तारेतून गांधार सुटताना ऐकू येतो. वाईटात नुसती घूं घूं. दुसरी कसोटी ओळखीच्या माणसाचे साधे बोलणे, कारण त्यात काय चुकते ते कुणालाही कळते. तिसरी टाळ. पाच मिनिटांत टाळ नकोसे झाले तर ती जोडी तीन तास कशी लावणार?

ओहमच्या आकड्याबद्दल तरुण मुलांत मोठा गैरसमज आहे. जास्त ओहम म्हणजे जास्त चांगला, असे ते समजतात. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा एकच नमुना ३२, ८० आणि २५० ओहम अशा रूपांत मिळतो. ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध. एक व्होल्ट दिला तर ३२ ओहमला ३१ मिलिवॅट मिळतात आणि २५० ओहमला फक्त ४. बाकी सगळे सारखे असेल तर फरक सुमारे ९ डेसिबलचा. फोनला लावलेला २५० ओहमचा हेडफोन म्हणूनच मरगळलेला वाटतो. सेनहायझरचा १९९७ मधला एचडी ६०० तर ३०० ओहमचा आहे. उघड्या घराण्यातला तो नावाजलेला हेडफोन आहे, पण त्याला अँप्लिफायर चांगला लागतो. सोनीचा एमडीआर ७५०६ हा १९९१ पासूनचा बंद हेडफोन ६३ ओहमचा असून साध्या यंत्रावरही नीट चालतो.

ब्लूटूथ मुद्रणाला अजिबात नको. आवाज पोचायला दीडशे मिलिसेकंद सहज लागतात. हवेतून आवाज एवढ्या वेळात एकावन्न मीटर जातो. म्हणजे टाळकरी तुमच्यापासून लोकलचे अडीच डबे लांब उभा आहे. त्याच्या टाळावर पखवाज वाजवून पाहा.

पावसाळ्याबद्दल कुठल्याच माहितीपत्रकात नसते. कृत्रिम चामड्याच्या गाद्या आमच्या दमट हवेत आणि घामात सोलतात, काळे कपटे मानेला चिकटतात. गादी फाटली की कानाभोवतीचा बंदिस्तपणा जातो आणि सगळ्यात आधी खर्ज गळतो. चष्म्याच्या काडीनेही तेच होते, म्हणून मी मिश्रण करताना चष्मा काढतो. गाद्या आणि वायर बदलून मिळणार नसतील तर ती जोडी घेऊ नये. वायर तुटली तर कॅम्पातला कुठलाही रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर डाग देऊन देतो, पण गादी त्याला करता येत नाही.

या साऱ्यानंतर मी ८० ओहमची बंद जोडी घेतली. तिचा सर्वांत वरचा पट्टा जरा चढा आहे. माहीत असले की निभते.

पण एक गोष्ट उरली होती. नव्या जोडीवर जुनी मूळ मुद्रणे लावली तेव्हाही बुवांचा आवाज मला मंद वाटला आणि हात पुन्हा वाढवण्याकडेच गेला. बारावीतल्या मुलीला ऐकवले. ती म्हणाली, "बाबा, आहे तेच टोचतंय." मग मी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. ऑडिओग्रामवर दोन्ही कानांच्या रेघा ४,००० हर्ट्झला खड्ड्यात उतरल्या होत्या, उजवी जास्त. हा गोंगाटाचा नेहमीचा खुणेचा खड्डा. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षे प्रेसवर काढली. कानात कापूस घालणारा तिथे भित्रा ठरत असे. त्यावर हेडफोनची भर पडली. गाडी आली की मी आवाज वाढवी, गाडी गेली की कमी करायचे राहून जाई. ८५ डेसिबलला आठ तास ही कामगारांसाठी शिफारस केलेली मर्यादा आहे आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ डेसिबलला एकच तास उरतो. टोचणाऱ्या आवाजाचा दोष हेडफोनचा किती आणि माझा किती, ते आता सांगता येणार नाही.

तेव्हापासून मी एक पद्धत पाळतो. चांगल्या जाणकाराने केलेले त्याच जातीचे मुद्रण शेजारी ठेवायचे, दोन्हींचा आवाज सारखा करायचा आणि अदलाबदल करून ऐकायचे. हेडफोनची आणि कानाची खोट दोन्हींना सारखीच लागते, त्यामुळे फरक उरतो तो कामातला. शेवटी दोन्ही बाजू एकत्र करून ऐकायचे, कारण हेडफोनमध्ये डावे-उजवे फार वेगळे होतात आणि मंदिरातला बॉक्स एकच असतो. मुलगीही एकदा ऐकते. तिचा हेडफोन मी रात्री तपासतो, आवाज कुठवर चढवला आहे ते पाहायला. तिला ते आवडत नाही.

बुवा त्याच वर्षी माघात गेले. मूळ मुद्रणे सुटी ठेवलेली होती, म्हणून आठही अभंग नव्याने मिसळता आले. गेल्या आषाढीला ते पेन ड्राइव्हवर घालून त्यांच्या मुलाला दिले आणि मंडळाच्या त्याच बॉक्सवर लावले. धुमा आला. टाळ दुसऱ्या अभंगात अजून थोडे पुढे आहेत, असे पखवाजीचे म्हणणे पडले. मला ते तसे वाटत नाही, पण ४,००० च्या वरच्या बाबतीत मी आता वाद घालत नाही. तो अभंग परत काढायला घेतला आहे.